हजारभर सैनिक पुढे ठेवल्याने शत्रू खरंच थांबतो का?

प्रश्न असा आहे: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया आणि पोलंडमध्ये नाटोने २०१७ पासून साधारण हजार-हजार सैनिकांच्या तुकड्या ठेवल्या. समोर रशियाची अवाढव्य फौज. लढाई जुंपली तर या तुकड्या फार काळ तग धरणार नाहीत, हे नाटोलाही ठाऊक होतं. मग त्यांचा लष्करी उपयोग काय? की हा नुसता देखावा?

मी पायदळात सव्वीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी पुढच्या चौक्यांवर, काही मुख्यालयात नकाशे रंगवण्यात. माझं उत्तर असं की उपयोग नक्की आहे, पण तो तुकडीत नसतो. तुकडीच्या मागे जे बांधलेलं असतं त्यात असतो. आणि ते बांधलेलं शत्रूला दिसत नसेल, तर तुकडी असून नसल्यासारखीच.

अशा तुकडीला सगळे 'ट्रिपवायर' म्हणतात. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांनी ती तार स्वतः कधी बांधलेली नसते, म्हणून आधी तारेबद्दलच सांगतो. चौकीसमोर जिथून माणूस चढून येईल असं वाटतं, त्या वाटेवर घोट्याच्या उंचीला बारीक तार ताणतात. एक टोक खुंटीला, दुसरं फ्लेअरच्या पिनेला. पाय अडकला की पिन निघते आणि फ्लेअर पेटतो. थोडा वेळ लख्ख उजेड. तार कुणाला अडवत नाही, लहान पोरगंही ती ओलांडून जाईल. पण संध्याकाळी उजेड असतानाच चौकीतली मशीनगन त्या जागेवर रोखून पक्की केलेली असते. अंधारात नेम धरावा लागत नाही, घोडा दाबला की झालं. चोरपावलांनी येणारा तारेला भीत नाही, त्या मशीनगनला भितो. मशीनगनवरचा गडी झोपला असेल, गोळ्यांचा पट्टा चढवलेला नसेल, किंवा 'वर विचारल्याशिवाय गोळी झाडायची नाही' असा हुकूम असेल, तर फ्लेअरच्या उजेडात शत्रूला चौकीची वाट तेवढी नीट दिसते.

ही कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी ब्रिटिश जनरल हेन्री विल्सन यांनी फ्रान्सचे जनरल फॉश यांना विचारलं होतं की, युद्ध झालं तर ब्रिटनची कमीत कमी किती मदत तुम्हाला उपयोगी पडेल? फॉश म्हणाले, एक शिपाई द्या, तो मारला जाईल याची व्यवस्था आम्ही करू. हा किस्सा लोक विनोद म्हणून सांगतात. मला तो विनोद वाटत नाही. फॉश यांना बंदुका नको होत्या, लंडनचा पाय त्यात गुंतवून हवा होता.

हे सगळ्यात स्वच्छ जमलं ते पश्चिम बर्लिनमध्ये. तिथे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे मिळून बारा हजारांच्या आसपास सैनिक होते. चहूबाजूंनी पूर्व जर्मनी आणि तिथे सोव्हिएत सैन्याच्या वीसेक डिव्हिजन, म्हणजे लाखोंची फौज. शहर लढून राखता येणार नाही याबद्दल कुणालाच शंका नव्हती. १३ ऑगस्ट १९६१ ला भिंतीचं काम सुरू झालं आणि २० तारखेला केनेडी यांनी दीडेक हजार सैनिकांची तुकडी पश्चिम जर्मनीतून महामार्गाने बर्लिनला धाडली. लष्करी हिशेबाने बारा हजारांचे साडेतेरा हजार झाले, म्हणजे काहीच झालं नाही. वाटेतल्या नाक्यावर सोव्हिएत पहारेकऱ्यांनी माणसं मोजून घेतली आणि पुढे सोडली. ती मोजदाद मला फार बोलकी वाटते. आणखी दीड हजार अमेरिकी जीव आत गेले, याची पावती समोरच्यानेच फाडली. बर्लिनमध्ये उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन स्वागताला उभे होते, म्हणजे ही कुण्या कर्नलची हौस नव्हती हेही दिसलं. ऑक्टोबरात पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर दोन्हीकडचे रणगाडे रात्रभर तोंडाला तोंड लावून उभे राहिले आणि मागे सरले. शहर शेवटपर्यंत पश्चिमेकडेच राहिलं.

बर्लिनमध्ये दोन गोष्टी जुळल्या होत्या. तारेच्या दुसऱ्या टोकाला अण्वस्त्रांसकट सगळी नाटो होती. आणि शहर दाट वस्तीचं असल्यामुळे तिथल्या शिपायाला मारल्याशिवाय ते घेता येत नव्हतं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. तार अशी हवी की तिला वळसा घालता येऊ नये.

सीरियातले दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा. ७ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री देर-एझ-झोरजवळ एका वायू प्रकल्पापाशी चाळीसेक अमेरिकी सैनिक होते. सीरियाच्या सरकारच्या बाजूचे सुमारे पाचशे जण रणगाडे आणि तोफा घेऊन त्यांच्यावर चालून आले, त्यात रशियाच्या वॅग्नर कंपनीचे भाडोत्रीही होते. अमेरिकेने आधी रशियाला फोन केला. ही माणसं आमची नाहीत, असं उत्तर आलं. मग ड्रोन, लढाऊ विमानं, अपाची हेलिकॉप्टर, अगदी बी-५२ बॉम्बफेकी विमानांपर्यंत सगळं आलं. काही तासांत हल्ला मोडला आणि अमेरिकेचा एकही माणूस दगावला नाही. चाळीस माणसांनी पाचशेंना अडवलं असं मी म्हणणार नाही. त्या चाळिसांचं मुख्य काम होतं रेडिओवर जागं राहणं आणि खंदकात टिकून राहणं.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर २०१९ चा. उत्तर सीरियात तुर्कस्तानच्या सीमेलगत पन्नासेक अमेरिकी सैनिक होते. तुर्कस्तानचं सैन्य नाटोतल्या सर्वांत मोठ्या सैन्यांपैकी एक. कुर्द लढवय्यांवर चढाई करण्याची त्यांची धमकी जुनीच होती, पण मध्ये ती पन्नास माणसं उभी होती. ६ ऑक्टोबरला त्यांना मागे घेत असल्याचं जाहीर झालं आणि ९ तारखेला तुर्की सैन्य आत शिरलं. 'पन्नास माणसांनी काय होणार होतं?' असा सूर तेव्हाही निघाला. तीन दिवसांत उत्तर मिळालं. जरब असताना तिची किंमत कळत नाही, ती उठली की कळते.

आता उलटी बाजू, कारण ही युक्ती फसल्याचे दाखले कमी नाहीत.

फॉकलंडचं प्रकरण मी तरुण अधिकाऱ्यांना हटकून सांगत असे. दक्षिण अटलांटिकमधली ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात, पण अर्जेंटिना त्यांच्यावर हक्क सांगतो. मार्च १९८२ च्या शेवटी तिथल्या पोर्ट स्टॅनलीत सत्तरेक ब्रिटिश मरीन, म्हणजे नौदलाचे शिपाई, होते. तेही नेहमीपेक्षा जास्त, कारण जुनी तुकडी जायची आणि नवी यायची वेळ एकच पडली होती. तार होती, पण लंडनमधून येणारे इशारे नेमके उलटे होते. त्या भागात फिरणारं एकमेव गस्ती जहाज एंड्युरन्स काढून घेण्याचा निर्णय १९८१ मध्ये जाहीर झाला होता. अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्वेनोस आइरेसमधल्या लष्करशहांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला. २ एप्रिलला त्यांचं सैन्य उतरलं आणि त्यांच्या कमांडोंना सक्त ताकीद होती की शक्यतो एकही ब्रिटिश मरता कामा नये. त्या दिवशी एकही ब्रिटिश सैनिक मेला नाही, त्यांचा स्वतःचा एक अधिकारी मात्र गेला. म्हणजे त्यांना तार माहीत होती. फ्लेअर पेटू न देता ती ओलांडायचा त्यांचा प्रयत्न होता.

तरीही फ्लेअर पेटला. जमिनीवर पालथे पाडलेल्या मरीनांचे फोटो ब्रिटनमध्ये छापून आले, आरमार बारा हजार किलोमीटरवर निघालं आणि १४ जूनला शरणागती झाली. ब्रिटनचे २५५ आणि अर्जेंटिनाचे ६४९ सैनिक मेले. ट्रिपवायर म्हणून ती तुकडी पुरेपूर चालली आणि जरब म्हणून साफ फसली. मशीनगन होती, चालवणाऱ्याची तयारीही होती, पण ती समोरच्याला दिसली नव्हती. जरब शत्रूच्या डोक्यात बसावी लागते, आपल्या फायलीत बसून उपयोग नाही.

मजा अशी की त्याच काळात तेच ब्रिटन दुसरीकडे हेच काम नीट करत होतं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझवर शेजारच्या ग्वाटेमालाचा दावा होता. तिथे दीडेक हजार सैनिक आणि मोजकी हॅरियर विमानं ठेवलेली होती. १९७५ मध्ये विमानं आली, गेली, १९७७ मध्ये पुन्हा आली आणि मग मुक्कामीच राहिली. बेलीझ १९८१ मध्ये स्वतंत्र झाल्यावरही ती तिथेच होती. ग्वाटेमालाचं सैन्य सीमेवर जमा झालं, पण आत आलं नाही. बेलीझमधली तुकडी प्रत्यक्ष मारू शकत होती आणि तिथे वेळ पडताच विमानं आणून ठेवल्याचा दाखला होता. फॉकलंडमध्ये होती ती निघून जाण्याची चिन्हं.

कधी कधी तुकडी उशिराही पोहोचते. नोव्हेंबर १९४१ च्या मध्यावर कॅनडाच्या दोन पलटणी, जवळपास दोन हजार माणसं, हाँगकाँगला उतरवली, जपानने दचकावं म्हणून. ८ डिसेंबरला हल्ला झाला आणि नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडलं. शत्रूचा निर्णय होऊन गेल्यावर पाठवलेली तुकडी म्हणजे त्याच्या हाती दिलेले युद्धकैदी.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं सर्वांत झोंबणारं उदाहरण १९६२ चं. नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे सरकत चौक्या टाकण्याचं धोरण ठरलं. लडाखमध्ये दहा-वीस माणसांच्या चौक्या उभ्या राहिल्या, बऱ्याचशा फक्त विमानातून टाकलेल्या रसदीवर जगणाऱ्या. जुलै १९६२ मध्ये गलवानच्या खोऱ्यातल्या गोरखा चौकीला चिन्यांनी घेरलं. चौकी हलली नाही आणि चिन्यांनी गोळीही झाडली नाही. दिल्लीत याचा अर्थ लावला गेला की धोरण चालतंय, समोरचा फक्त डोळे वटारतो. तीन महिने हा समज टिकला. ऑक्टोबरात गोरख्यांच्या जागी हेलिकॉप्टरने ५ जाटची कंपनी आणली, मेजर हसबनीस यांच्या हाताखाली. २० तारखेला हल्ला आला तेव्हा ती माणसं लढली, पुष्कळशी मेली, मेजर पकडले गेले. मागून यायला काही नव्हतंच. तोफा नाहीत, रस्ता नाही, आणि त्या लढाईत लढाऊ विमानं वापरायचीच नाहीत असं वर ठरलेलं. बांधल्या त्या नुसत्या तारा.

यातून मी एक गोष्ट कायमची शिकलो. हल्ला झाला नाही म्हणजे जरब बसली, असं धरून चालायचं नाही. समोरचा घाबरलेला असेल, नाहीतर तयारी करत असेल. दुर्बिणीतून दोन्ही सारखंच दिसतं. फरक दिसतो तो त्याच्या मागच्या रस्त्यावर. ट्रक किती येतात, रिकामे परत जातात की भरलेले, दारूगोळ्याचे साठे कुठे होत आहेत, यावर.

अजून एक फसगत असते, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आपण धरून चालतो की आपले शिपाई मेले की देश पेटून उठेल. नेहमी तसं होत नाही. जानेवारी १९९४ मध्ये रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीला एका खबऱ्याने सांगितलं होतं की बेल्जियमचे काही सैनिक मारायचे, म्हणजे बेल्जियम निघून जाईल, असा बेत आहे. ७ एप्रिलला दहा बेल्जियन पॅराट्रूपर मारले गेले आणि बेल्जियम खरोखरच निघून गेला. दोन आठवड्यांत सुरक्षा परिषदेने उरलेलं दल २७० वर आणायचं ठरवलं. पुढे तिथे झालेला नरसंहार जगाला माहीत आहे. लेबनॉनच्या बैरुतमध्ये ऑक्टोबर १९८३ च्या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मेल्यावर चार-पाच महिन्यांत तिथलं दल जहाजांवर परतलं. बोस्नियात मे १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तीनशेहून जास्त शांतिसैनिक ओलीस धरले गेले आणि त्यांच्या जिवासाठी नाटोचे हवाई हल्ले थांबले. म्हणजे तार अशीही बांधली जाते की अडखळतो आपणच. ज्या देशाचं तिथे जिवापाड अडलेलं नाही, त्याच्या सैनिकांचं रक्त युद्ध पेटवत नाही, विझवतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, म्हणजे एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या बाल्टिक देशांकडे येतो. अमेरिकेच्या रँड संस्थेने २०१६ मध्ये वॉरगेमच्या, म्हणजे नकाशावर खेळून पाहिलेल्या लढाईच्या, आधारे मांडलं की रशियन सैन्य फार तर साठ तासांत एस्टोनियाची राजधानी टालिन आणि लाटव्हियाची राजधानी रीगा यांच्या वेशीवर पोहोचेल. त्याच वर्षी नाटोच्या वॉर्सा इथल्या बैठकीत तुकड्या ठेवायचं ठरलं. हजार माणसांनी ते साठ तास फारसे वाढत नव्हते. पण एस्टोनियात ब्रिटन, लाटव्हियात कॅनडा, लिथुआनियात जर्मनी आणि पोलंडमध्ये अमेरिका पुढारी म्हणून उतरले आणि त्यांच्याबरोबर इतर देशांच्या कंपन्या. हल्ला झाला तर पाच-सहा राजधान्यांत शवपेट्या जाणार, हा त्यातला हिशेब. (इतक्या देशांच्या कंपन्या एकत्र लढवायच्या म्हणजे रेडिओ, सुटे भाग, प्रत्येक सरकारच्या वेगळ्या अटी. पलटणीच्या कमांडरला घाम फुटतो. पण तो घाम या हिशेबाची किंमत आहे.)

हिशेबाला तडा गेला २०२२ मध्ये, रशिया युक्रेनमध्ये शिरल्यावर. आधीची कल्पना अशी की जमीन गेली तर गेली, मागून सैन्य आणून परत घेऊ. एस्टोनियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान काया कालास यांनी जूनमध्ये उघड सांगितलं की या योजनेप्रमाणे देश १८० दिवसांनी सोडवला जाईल, तोवर तो नकाशावर उरणार नाही. युक्रेनमधल्या बुचामध्ये रशियाच्या ताब्यातल्या काही आठवड्यांत सामान्य माणसांची कशी कत्तल झाली ते जगाने पाहिलं होतं. त्याच महिन्यात माद्रिदला नाटोच्या बैठकीत ठरलं की गरज पडेल तिथे या तुकड्या ब्रिगेडपर्यंत वाढवायच्या. जर्मनी लिथुआनियात कायमची चिलखती ब्रिगेड उभी करत आहे, २०२७ पर्यंत पाच हजारांच्या आसपास माणसं.

मला हे पाऊल योग्य वाटतं. रँडच्याच २०२० च्या अभ्यासात निघालं की परदेशात ठेवलेल्या सैन्यात जरब बसवायला रणगाड्यांसारखं जड भूदल सर्वांत उपयोगी. विमानं आणि जहाजांबाबत तसा पुरावा फारसा सापडला नाही, आणि हलक्या तुकड्यांमुळे तर छोट्या कुरापती वाढण्याचीही शक्यता दिसली. चौकीवर राहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. जहाज संध्याकाळी नांगर उचलून जातं. रणगाड्यांची पलटण, वर्कशॉप, दारूगोळ्याची कोठारं, सैनिकांची बायकापोरं हे सगळं रातोरात उचलता येत नाही, आणि म्हणूनच समोरचा ते मनावर घेतो.

पण माणसं वाढवण्याआधी मी रूळ बघेन. बाल्टिक देशांतले जुने रेल्वेमार्ग रशियन रुंदीचे, १,५२० मिलिमीटर. पोलंडपासून पश्चिमेला १,४३५. साठ टनांहून जड रणगाडा घेऊन येणारी गाडी जिथे रुंदी बदलते तिथे थांबते, माल उतरतो, पुन्हा चढतो. युरोपीय रुंदीचा नवा मार्ग बांधायचं काम चालू आहे. पुलांचंही तेच, किती टनांचा रणगाडा कुठल्या पुलावरून जातो याचे तक्ते कुमकेचं भवितव्य ठरवतात. शत्रूचा अभ्यासू अधिकारी तुकडीची परेड बघत नाही, हे तक्ते बघतो.

ड्रोनमुळे सध्या आणखी एक अडचण उभी राहिली आहे. माझ्या पहिल्या चौकीवर तारेत कोल्हे अडकायचे. पहिल्या रात्री फ्लेअर पेटला तेव्हा सगळे पंधरा सेकंदांत मोर्च्यात. तिसऱ्या रात्री दोघे-तिघे पांघरुणातूनच म्हणाले, कोल्हा असेल. शहाणा शत्रू आधी कोल्हे पाठवतो. ऑक्टोबर २०२३ पासून इराक, सीरिया आणि जॉर्डनमधल्या अमेरिकी तळांवर दीडशेहून अधिक ड्रोन-रॉकेट हल्ले झाले, बहुतेक किरकोळ. २८ जानेवारी २०२४ ला जॉर्डनमधल्या एका छोट्या तळावर ड्रोन थेट झोपायच्या जागेवर पडला आणि तीन सैनिक गेले. त्यानंतर अमेरिकेने ८५ हून जास्त ठिकाणांवर बॉम्ब टाकले. मग त्याआधीच्या दीडशे वेळा तार वाजली होती की नव्हती? लहान तुकडी पुढे ठेवायची तर आता तिच्यासोबत ड्रोन पाडायची साधनं हवीतच. नाहीतर ती तार राहत नाही, ओलीस होते.

म्हणून कुणी मला अशी एखादी तुकडी दाखवली तर मी माणसं मोजत नाही. विचारतो की हिला टाळून पुढे जाता येतं का, गोळी झाडायचा अधिकार कुणाकडे आहे, आणि हिने किती तास टिकायचं आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.

हा तिसरा प्रश्न माझा नव्हे. मी नवाकोरा कॅप्टन असताना चौकीवरच्या जुन्या हवालदारांनी तो मला विचारला होता. म्हणाले, "साहेब, शत्रू वरून खाली आला तर आपण किती वेळ धरायचं?" मी हुकुमाचा कागद वाचलेला होता. म्हटलं, "सहा तास. तोवर कुमक येईल."

"ती वाट कुणी रात्री चालून पाहिलीय?"

कुणीच पाहिली नव्हती. पुढच्या आठवड्यात अमावास्येच्या सुमाराला आम्ही खालच्या कंपनीला पूर्ण भारासकट वर बोलावून घेतलं. नऊ तास चाळीस मिनिटं लागली, दोघांचे पाय मुरगळले आणि मोर्टारच्या गोळ्यांची निम्मी खेप वाटेतच ठेवावी लागली. सकाळी हवालदारांनी वही काढली आणि पाणी, पट्टे आणि ग्रेनेड यांची मागणी बारा तासांच्या हिशेबाने नव्याने लिहायला घेतली.